गरगरता हातोडा: इम्पॅक्ट ड्रायव्हर कसा चालतो, कोणता घ्यावा

गंजून बसलेला नट पान्याने हलेना, की गॅरेजमधला जुना मिस्त्री पान्याला लोंबकळत बसत नाही. तो पाना नटावर घट्ट बसवतो, एका हाताने धरून ठेवतो आणि दांड्याच्या टोकावर हातोडीचे दोन-तीन टोले हाणतो. कर्रकन आवाज होतो आणि नट सुटतो. अंगाचा सगळा भार टाकून जे झालं नसतं ते अर्ध्या किलोच्या हातोडीने होतं, कारण हातोडी आपली सगळी गती एका क्षणात पान्याला देऊन टाकते. टोल्याचा हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा असतो. तेवढ्या अवधीत अडवलेल्या गतीतून जो जोर निर्माण होतो, तो माणसाच्या दंडातल्या ताकदीच्या कितीतरी पट असतो. शिवाय नटाने केलेला विरोध हातोडी मारणाऱ्याच्या मनगटापर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हेच काम करतो. त्यातला हातोडा यंत्राच्या पोटात गोल फिरत असतो आणि मिनिटाला ३,००० ते ४,००० टोले देतो, म्हणजे सेकंदाला पन्नास ते पासष्ट. कान त्यांना वेगळे मोजू शकत नाही, म्हणून ऐकू येतो तो सलग 'टर्रर्र' आवाज. फर्निचरचं काम चाललेल्या घरात, एसी बसवताना, पत्र्याच्या शेडवर, सौर पॅनेलचा सांगाडा उभारताना हा आवाज आता रोजचा झाला आहे. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने दिवसभर पिळत बसावं लागायचं ते काम तासा-दीड तासात उरकतं. मात्र हेच यंत्र चुकीच्या जागी वापरलं तर स्क्रूचं डोकं तुटतं, लाकडातले आटे जातात, पत्रा गळू लागतो. यंत्राच्या आत काय घडतं हे एकदा नीट कळलं, की कोणतं घ्यायचं आणि कुठे वापरायचं नाही हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

मागच्या बाजूला मोटर असते. तिच्या फेऱ्या मिनिटाला वीस हजारांच्या पुढे जातात. पुढचे प्लॅनेटरी गिअर त्या कमी करून तीन हजारांच्या आसपास आणतात आणि बळ वाढवतात. गिअरमधून निघालेल्या दांड्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात. त्या दांड्यावर पोलादाचं एक जड, जाड कडं बसवलेलं असतं. हाच हातोडा. कड्याच्या आतल्या बाजूलाही तशाच खाचा असतात आणि दोन्ही खाचांच्या मध्ये पोलादी गोळ्या. कड्याच्या मागे एक दणकट स्प्रिंग असते, ती कड्याला सतत पुढे रेटते. कड्याच्या तोंडावर समोरासमोर दोन उंचवटे असतात. त्यांच्या पुढ्यात असते ऐरण, म्हणजे जिच्यात बिट अडकतो ती पुढची दांडी. तिलाही दोन पंख असतात.

स्क्रू हलका जात असतो तोवर हातोडा आणि ऐरण एकमेकांना धरून एकत्र फिरतात. यंत्र साध्या ड्रायव्हरसारखं शांत चालतं, टोले नसतातच. स्क्रू लाकडात रुतला आणि विरोध वाढला, की ऐरण अडते. तिच्या पंखांना टेकलेला हातोडाही अडतो, पण मधला दांडा मोटरच्या जोरावर फिरतच राहतो. आता त्या पोलादी गोळ्या व्हीच्या खाचेतून वर चढतात आणि हातोड्याला मागे ओढतात. स्प्रिंग दबते. हातोडा इतका मागे येतो की त्याचे उंचवटे ऐरणीच्या पंखांवरून निसटतात. त्या क्षणी दबलेली स्प्रिंग मोकळी होते, गोळ्या खाचेतून झरकन उतरतात आणि हातोडा पुढे येता येता दांड्यापेक्षाही जास्त वेगाने फिरतो. अर्ध्या फेरीनंतर त्याचा उंचवटा पुढच्या पंखावर आदळतो. ऐरण थोडी सरकते, तिच्याबरोबर बिट आणि स्क्रूही सरकतो. मग पुन्हा तेच.

या सगळ्यात कुठेही सेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किटची गरज नाही. टोले कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हे स्प्रिंगचा जोर आणि खाचेचा उतार ठरवतात. यंत्रशास्त्रातल्या इतक्या नेटक्या रचना थोड्याच असतील.

इथे टोल्याची दिशा नीट लक्षात ठेवावी. हा टोला स्क्रूच्या डोक्यावर, आत ठोकणारा नसतो. तो फिरण्याच्या दिशेने, कडेने बसतो. आपल्याकडे 'इम्पॅक्ट ड्रिल' या नावाने जे मशीन मिळतं, भिंतीला भोक पाडून फिशर ठोकण्यासाठी घरोघरी वापरलं जातं, त्यात नेमकं उलट असतं. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिटाला पुढे-मागे, भिंतीच्या दिशेने ठोके देतात, म्हणून वीट आणि काँक्रीट फुटतं. दोन्ही यंत्रांच्या नावात इम्पॅक्ट आहे आणि दिसायलाही ती भावंडं वाटतात, त्यामुळे नवखा ग्राहक हमखास गोंधळतो. भिंत फोडायला इम्पॅक्ट ड्रायव्हर नेला तर निराशा होते. इम्पॅक्ट ड्रिल स्क्रूवर लावून ठोक्याचा खटका चालू राहिला तर स्क्रूच्या खाचेचा भुगा होतो.

मनगटाचा फायदा हा या यंत्राचा खरा मोठेपणा आहे. साधा ड्रिल-ड्रायव्हर सलग पीळ देतो. स्क्रू अडला की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच पीळ उलट्या दिशेने यंत्राच्या मुठीत येतो. शिडीवर उभं राहून एका हाताने लांब स्क्रू मारताना मशीनने असा हिसका दिला, तर मनगट मुरगळतं, कधी माणूसच शिडीवरून खाली येतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये मुठीला जाणवतो तो फक्त स्प्रिंग दाबायला लागणारा मोटरचा जोर. टोल्याचा प्रचंड पीळ हातोडा आणि ऐरण यांच्यातच होऊन संपतो, कारण त्या क्षणी हातोडा मुठीशी घट्ट जोडलेला नसतो, तो आपल्या गतीनेच आदळतो.

मुठीत येणाऱ्या या उलट्या पिळाचं सर्वांत अवघड रूप अंतराळात समोर आलं. तिथे पाय रोवायला जमीन नाही. बोल्ट फिरवायला जावं तर बोल्ट जागेवर राहून अंतराळवीरच गरगरेल. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमांसाठी ब्लॅक अँड डेकर कंपनीने अंतराळवीराला न फिरवता बोल्ट फिरवणारं बॅटरीवरचं साधन तयार केलं होतं. वायरशिवाय चालणारं ड्रिल त्याच कंपनीने १९६१मध्ये बाजारात आणलं होतं.

टोल्यातून पीळ देण्याच्या तत्त्वाचं वीज न लागणारं रूप गॅरेजमध्ये खूप आधीपासून आहे. मनगटाएवढ्या जाडीचा पोलादी दंडगोल, पुढे बिट, मागे ठोकायला सपाट बूड. आत तिरपी खाच आणि स्प्रिंग असते. बुडावर हातोडी मारली की त्या तिरप्या खाचेमुळे सरळ टोल्याचा काही भाग पिळात बदलतो, आणि उरलेला भाग बिटाला स्क्रूच्या खाचेत घट्ट दाबून धरतो. जुन्या जपानी बनावटीच्या दुचाकींच्या इंजिनाच्या झाकणांचे स्टार स्क्रू, किंवा होंडाच्या मोटारींच्या ब्रेक डिस्कवरचे छोटे स्क्रू उष्णतेने आणि गंजाने जाम होतात. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खाचेतून घसरतो आणि खाच गोल करून ठेवतो. अशा वेळी हा दंडगोल बॅटरीच्या महागड्या यंत्रापेक्षाही सरस ठरतो, कारण बॅटरीचं यंत्र पीळ देतं, पण दाब तुमच्या हाताचाच असतो.

स्टार स्क्रू का घसरतो, याचं उत्तर त्याच्या आकारात आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने १९३६मध्ये या खाचेची पेटंटं मिळवली आणि त्याच सुमारास कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत ती वापरात आली. खाच आत निमुळती होत जाते, त्यामुळे बिट आपोआप मध्यभागी येऊन बसतो आणि कारखान्यात काम झपाट्याने होतं. पण याच निमुळत्या उतारामुळे पीळ वाढला की बिट वर सरकून बाहेर पडतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर इथेही मदत करतो. दोन टोल्यांच्या मधल्या क्षणी पीळ उतरतो आणि बिटाला खाचेत पुन्हा बसायला सवड मिळते. १९६७मध्ये आलेल्या टॉर्क्स खाचेला सहा पाकळ्या असतात आणि कडा जवळजवळ उभ्या असतात, म्हणून तिच्यात बिट घसरण्याचं प्रमाण फारच कमी. पाच-सहा इंची लांब स्क्रू मारायचे असतील तर दुकानात टॉर्क्सचे स्क्रू मागून घ्यावेत. चार पैसे जास्त गेले तरी ते वसूल होतात.

आता खरेदीकडे. मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत इम्पॅक्ट ड्रायव्हर मागितला, की खोक्यावरचा पहिला आकडा दाखवला जातो तो टॉर्कचा, म्हणजे पिळाचा. बॉशच्या जीडीआर १२०-एलआय या १२ व्होल्टच्या यंत्राला १०० न्यूटन-मीटर, मकिताच्या डीटीडी १५२ या १८ व्होल्टच्या यंत्राला १६५, डीवॉल्टच्या डीसीएफ ८८७ला २०५. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचं वजन टांगलं की साधारण १०० न्यूटन-मीटर होतात, यावरून या आकड्यांचा अंदाज येईल. १२ व्होल्टच्या साध्या ड्रिल-ड्रायव्हरचा टॉर्क ३० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. मग १६५पेक्षा २०५ चांगला, असं ग्राहकाला सहजच वाटतं.

हा आकडा खोटा नसतो, पण तो फार कमी सांगतो. कंपनी तो चाचणीच्या बाकावर मोजते. जाड बोल्ट पक्क्या पोलादावर आवळत काही सेकंद टोले दिल्यावर जो कमाल पीळ मिळतो तो खोक्यावर छापला जातो. लाकडातल्या स्क्रूपर्यंत तो पोचत नाही. लाकूड दबतं, स्क्रूची दांडी पिळली जाते, बिट थोडा वाकतो आणि टोल्याची बरीच ऊर्जा वाटेतच जिरते. बिटाला लांब एक्स्टेंशन जोडलं तर आणखी जिरते. टायरच्या काही दुकानांत हवेच्या गनला ठरावीक जाडीची लवचीक दांडी लावतात, ती याच कारणाने. दांडी पीळ खाते आणि नट एका मर्यादेपलीकडे आवळला जात नाही.

दुसरं म्हणजे, घरातल्या आणि साइटवरच्या बहुतेक कामांना इतका पीळ लागतच नाही. ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टला शिफारस केलेला पीळ एम-६ मापाला साधारण १० न्यूटन-मीटर, एम-८ला २५, एम-१०ला ५० आणि एम-१२ला ८५च्या आसपास असतो. म्हणजे १८ व्होल्टचं यंत्र पूर्ण ट्रिगर दाबून एम-६च्या बोल्टवर ठेवलं तर तो बोल्ट सेकंदाभरात तुटू शकतो. साध्या ड्रिल-ड्रायव्हरला गळ्याशी आकडे कोरलेली कडी असते. ठरवलेला पीळ आला की आतला क्लच कटकट वाजत सुटतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. टोले बसतच राहतात आणि कुठे थांबायचं ते बोटाला ठरवावं लागतं.

म्हणून टॉर्कच्या कमाल आकड्यापेक्षा ट्रिगरवरचा ताबा पाहून यंत्र निवडावं. ट्रिगर जरासा दाबला की बिट किती सावकाश फिरतो, वेगाच्या पायऱ्या किती आहेत, सर्वांत खालच्या पायरीवर छोटा स्क्रू अलगद बसतो का, हे दुकानातच बघता येतं. डीसीएफ ८८७ला वेगाच्या तीन पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीत कमाल वेग १,००० फेऱ्यांवर थांबतो. बिजागऱ्या, कपाटाचे हँडल, स्लाइड चॅनेल बसवणाऱ्याला त्या पहिल्या पायरीची जास्त गरज असते. २०५ न्यूटन-मीटरची गरज त्याला क्वचितच पडते.

पत्र्याच्या छपरावर हा ताबा किती महत्त्वाचा असतो ते जवळून पाहावं. शेडच्या पत्र्याला लावतात तो सेल्फ ड्रिलिंग स्क्रू स्वतःच्या टोकाने पत्रा आणि तो ज्यावर टेकतो तो आडवा लोखंडी पर्लिन भोसकतो, मग त्याचे आटे पर्लिनमध्ये धरतात. डोक्याखाली लोखंडी चकती असते आणि तिला चिकटलेला काळा रबरी वॉशर. पावसाचं पाणी अडवण्याचं सगळं काम हा वॉशर करतो. स्क्रू बरोबर बसला की रबर चकतीच्या कडेपर्यंत येतं, किंचित फुगलेलं दिसतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे दोन-चार टोले जास्त बसले की चकती वाटीसारखी वाकते, रबर चिरडून चारी बाजूंनी बाहेर पडतं आणि पत्र्यालाही खड्डा पडतो. त्या दिवशी काहीच कळत नाही, उलट काम पक्कं झाल्यासारखं वाटतं. पण उन्हाळ्यात पत्रा तापून पसरतो, रात्री आखडतो, ताणलेलं रबर तडकतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यात साचलेलं पाणी स्क्रूच्या दांडीवरून खाली उतरतं. कोकणातल्या पावसात असे चुकीचे आवळलेले स्क्रू लवकर उघडे पडतात. सैल राहिलेला स्क्रूही तितकाच वाईट, कारण वॉशर दबलेलाच नसतो.

या कामासाठी खोली ठरवणारं नाकाड असलेली स्क्रू गन सर्वांत चांगली. ती नसेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये सेल्फ ड्रिलिंग स्क्रूसाठी वेगळा मोड आहे का ते पाहावं. मकिताच्या डीटीडी १७२मध्ये तो आहे. भोक पडेपर्यंत यंत्र वेगात फिरतं आणि स्क्रू बसून टोले सुरू होताच आपोआप थांबतं. शेडची कामं नेहमी घेणाऱ्या फॅब्रिकेटरने अशा मोडसाठी जास्त पैसे मोजले तर ते गळतीच्या तक्रारींपेक्षा स्वस्त पडतात.

स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टांची अडचण निराळी आहे. गच्चीवरच्या सौर पॅनेलला ते सर्रास वापरतात. वेगात आवळताना आट्यांमध्ये घर्षणाची उष्णता होते, पृष्ठभागाचा पातळ संरक्षक थर घासून निघतो आणि नट आणि बोल्ट एकमेकांना अक्षरशः चिकटतात. मग तो नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, कापावाच लागतो. उपाय साधा आहे. आट्यांना जाम न होऊ देणारं ग्रीस लावावं, यंत्राचा वेग कमी ठेवावा आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने द्यावा. पॅनेलच्या क्लॅम्पला किती पीळ हवा हे बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं आणि जास्त पीळ दिला तर ॲल्युमिनियमची चौकट दबते.

लाकडातही जागा बघून काम करावं. सागाच्या चौकटीत काठाजवळ स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडलं नाही तर लाकूड चिरतं. पितळी स्क्रू मऊ असतो, टोल्याने त्याचं डोकं तुटून दांडी आतच राहते. पार्टिकल बोर्डमध्ये आटे एकदा गेले की तो स्क्रू परत धरत नाही. जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये स्क्रूने कागद फाडला तर बोर्ड लोंबू लागतो. स्विचच्या पट्ट्या, दरवाजाची कुलपं, प्लास्टिकचे भाग यांच्याजवळ हे यंत्र नेऊच नये. तिथे क्लचवाला छोटा ड्रायव्हर किंवा हाताचाच बरा.

ज्यांना मोटारीची चाकं उघडायची आहेत त्यांनी इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या नादी लागू नये. बहुतेक छोट्या मोटारींच्या चाकांच्या नटांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला असतो, आणि गंज धरलेला नट सोडवायला त्याहून बराच जास्त लागतो. त्यासाठी याच जातीचं मोठं यंत्र, इम्पॅक्ट रेंच, घ्यावं. त्याच्या तोंडाला अर्ध्या इंचाचा चौकोनी दांडा असतो आणि त्यावर गोटी (सॉकेट) बसते. मकिताच्या डीटीडब्ल्यू १००२चा टॉर्क १,००० न्यूटन-मीटर आहे. ट्रक आणि ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या गॅरेजला असं यंत्र शोभतं. नट सोडवायला ते उत्तम, पण चाक परत लावताना शेवटी टॉर्क पानाच वापरावा, नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्याने तो नट हलत नाही. दोन्ही कामं अधूनमधून असतील तर बॉशच्या जीडीएक्स १८व्ही-२००सारखं यंत्र बघण्यासारखं आहे. त्याच्या तोंडात पाव इंची षटकोनी बिटही बसतो आणि बाहेरून अर्ध्या इंचाची गोटीही.

गोटीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हाताच्या पान्याबरोबर येणाऱ्या चकचकीत क्रोम केलेल्या गोट्या इम्पॅक्ट यंत्रावर लावू नयेत. त्या कडक पोलादाच्या असतात, सलग टोल्यांनी त्यांना तडा जातो आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो. इम्पॅक्टसाठीच्या गोट्या काळ्या, जाड भिंतीच्या, बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात. ते पोलाद टोला सोसून किंचित लवतं, फुटत नाही. बिटांचंही तसंच आहे. इम्पॅक्टसाठी बनवलेल्या बिटाची कंबर बारीक ठेवलेली असते. टोला बसला की बिट तिथे थोडा पिळला जातो आणि टोकाला बसणारा धक्का कमी होतो. साधे स्वस्त बिट या यंत्रात फार दिवस टिकत नाहीत, टोक झिजून स्क्रूची खाच खराब करतात आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. नवीन यंत्राबरोबर चांगल्या बिटांचा एक संच घेतलाच पाहिजे.

बॅटरीच्या बाबतीत आकड्यांचा खेळ फार चालतो. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ असतो. तीन सेल जोडले की १०.८ व्होल्ट होतात, त्यालाच १२ म्हणतात. पाच जोडले की १८. पूर्ण चार्ज झालेल्या सेलला चार व्होल्टच्या वर व्होल्टेज मिळतो, म्हणून त्याच पाच सेलच्या बॅटरीवर कुणी '२० व्होल्ट मॅक्स' लिहितं, कुणी २१. हे सगळे एकाच वर्गातले. पण स्वस्त यंत्रांवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे छापलेले असतात आणि बॅटरी उघडली तर आत बहुधा तेच पाच सेल निघतात. अशा आकड्यांना भुलू नये. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतील ते वाचावेत. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०. हा आकडा ऊर्जेचा साठा दाखवतो आणि दोन बॅटऱ्यांची तुलना त्यावरूनच करता येते. जिच्यावर वॅट-अवरही नाहीत आणि अँपिअर-अवरही नाहीत ती बॅटरी घेऊच नये.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करावा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं आणि पत्र्यावर ठेवलेली बॅटरी त्याहून कितीतरी जास्त तापते. तापलेली बॅटरी चार्ज केली तर तिचं आयुष्य घटतं. चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाही, आणि तो बिघडला आहे असं समजून लोक दुकानात घेऊन येतात. साइटवर दोन बॅटऱ्या ठेवाव्यात आणि दुसरी सावलीत ठेवावी.

मोटर ब्रशलेस असेल तर उत्तम. जुन्या धर्तीच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश घासून वीज पोचवतात, त्यात ऊर्जा वाया जाते आणि ब्रश झिजले की बदलावे लागतात. ब्रशलेसमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं, त्यामुळे त्याच बॅटरीवर जास्त स्क्रू बसतात आणि यंत्राची लांबीही कमी होते. कपाटाच्या कोपऱ्यात हात घालून काम करताना हे दोन-चार सेंटिमीटर फार उपयोगी पडतात.

घरातली किरकोळ कामं आणि फर्निचर जोडणं एवढीच गरज असेल तर १२ व्होल्टचं यंत्र पुरे, आणि त्यातही खरेदीचा पहिला मान क्लचवाल्या ड्रिल-ड्रायव्हरला द्यावा. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे त्यानंतरचं यंत्र. सुतार, एसी आणि सौर पॅनेल बसवणारे यांना १८ व्होल्टचं ब्रशलेस, तीन-चार वेगांचं यंत्र वर्षानुवर्षं साथ देतं. कंपनी निवडताना यंत्रापेक्षा बॅटरीचा विचार आधी करावा. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही, म्हणून पुढे ग्राइंडर, करवत, ब्लोअर जे काही घ्यायचं ते त्याच कुटुंबातलं असेल. आपल्या जिल्ह्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावं. हातोडा, ऐरण आणि स्प्रिंग हे झिजणारे भाग आहेत आणि कधीतरी बदलावे लागतातच.

राहिला प्रश्न वापरणाऱ्याच्या शरीराचा, आणि इथे आपल्या साइटवर फार बेफिकिरी आहे. या यंत्राचा आवाज टोले देताना ९० डेसिबलच्या पुढे जातो. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. बंद खोलीत, पोकळ कपाटाच्या आत डोकं घालून स्क्रू मारणाऱ्या कामगाराच्या कानावर त्याहून जास्त आवाज आदळतो, आणि कानातले बोळे वापरणारा मिस्त्री शोधूनही सापडत नाही. तेलाच्या दाबातून टोला देणारे इम्पॅक्ट ड्रायव्हर निघाले आहेत. त्यांत पोलाद पोलादावर थेट आदळत नाही, म्हणून आवाज बराच कमी होतो. राहत्या घरांत रोज काम करणाऱ्याने ते जरूर पाहावेत.

कंपनांचं गणित तर आणखी कमी लोकांना ठाऊक आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे हाताला पोचणारी कंपनं आठ तासांच्या सरासरीने ५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या वर जाता कामा नयेत, आणि २.५पासूनच खबरदारी सुरू करायची असते. १८ व्होल्टच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात टोले देतानाचा आकडा सहज १०च्या पुढे असतो. १० धरला तर खबरदारीची पातळी अर्ध्या तासात गाठली जाते आणि कमाल मर्यादा दोन तासांत. हा वेळ ट्रिगर दाबून टोले चालू असतानाचाच मोजायचा, मधला हातात धरलेला वेळ नाही. दिवसाला काही डझन स्क्रू मारणाऱ्याला याची चिंता नको. शेडवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेकडो स्क्रू मारणाऱ्याला मात्र हवी, कारण बोटं बधिर होणं, थंडीत ती पांढरी पडणं ही लक्षणं वर्षांनी दिसतात आणि दिसल्यावर पूर्ण बरी होत नाहीत. ठेकेदाराने अशा कामावर दोन माणसं आलटून पालटून लावावीत, कानाचे बोळे आणि चष्मा यंत्राच्या पेटीतच ठेवावा, आणि स्क्रू बसल्यावर 'अजून थोडा पक्का' म्हणून ट्रिगर दाबून धरण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडून काढावी.